बंद पडलेला लॅपटॉप आणि घरातले चार हात

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या पट्ट्यात चार-पाच वर्षं वापरलेला लॅपटॉप तळाकडून उघडला, की पंखा आणि हीटसिंक यांच्या मधोमध एक करडी पट्टी दिसते. चिमटीत धरून ओढली तर अख्खी बाहेर येते, नमद्याच्या तुकड्यासारखी. लूममधून उडणारे धाग्याचे तंतू, रस्त्यावरची धूळ आणि स्वयंपाकघरातला तेलकट धूर यांची ती बनलेली असते. हवा बाहेर पडायची वाटच तिने बुजवलेली असते. मग मशीन तापतं, पंखा केकाटतो, दहा-पंधरा मिनिटांत पडदा काळा होतो आणि घरातले म्हणतात, ‘गेला लॅपटॉप.’ खरं तर प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की आधी आपला वेग कमी करतो, आणि तरीही तापमान चढत राहिलं तर जळू नये म्हणून मशीन बंद पाडतो. म्हणजे ‘गेलेल्या’ लॅपटॉपांपैकी कितीतरी नुसते गुदमरलेले असतात.

असे लॅपटॉप सुरतेतल्या मराठी वस्तीत पुष्कळ घरी कपाटावर पडून आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून भुसावळ-सुरत गाडीने इथे आलेली पिढी लूमवर, डाइंग मिलमध्ये नाहीतर रिंग रोडच्या कापड मार्केटात राबली. तिच्या मुलांना डिप्लोमा, बी.कॉम., बीसीए करताना लॅपटॉप लागला. कोणाला हप्त्यावर नवा मिळाला, कोणाला कुठल्या ऑफिसातून निघालेला जुना. तो बंद पडला की मुलगा मोबाइलवर भागवतो आणि बाप नव्याच्या हप्त्याचा हिशेब मांडतो. माझं सांगणं एवढंच, की त्या हिशेबाआधी दोघांनी मिळून तो एकदा उघडावा. लॅपटॉपचं निम्मं काम सॉफ्टवेअरचं, ते मुलाला येतं. उरलेलं निम्मं स्क्रू, बिजागरी, पंखा, तार आणि चिकाटी यांचं, आणि वीस वर्षं लूमची खटखट कानाने ओळखणाऱ्या माणसाला ते फारसं शिकवावं लागत नाही. पंख्याचा हा आवाज बेअरिंगचा आहे की पात्याला काही अडकल्याचा, हे आमच्या दाजींनी नुसता कान लावून सांगितलेलं मी पाहिलं आहे. भाच्याला तो फरक यूट्यूबवर सापडला नव्हता.

सुरुवात घरातल्याच बंद मशीनपासून करा. ते नसेल आणि शिकण्यासाठी म्हणून एखादं विकत घ्यायचं असेल, तर दिसायला चकचकीत, सुरीसारखं पातळ मशीन घेऊ नका. त्यात रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते आणि झाकण उघडतानाच कड्या तुटतात. ऑफिसांसाठी बनलेले जुने लॅपटॉप घ्या: लेनोवोचे थिंकपॅड टी मालिकेतले, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. कंपन्या ते भाड्याने घेतात, तीन-चार वर्षांनी परत करतात आणि मग ते ढिगाने बाजारात येतात. २०१२ सालचा लॅटिट्यूड ई६४३० घ्या: तळाचं एक झाकण काढलं की रॅम, वाय-फाय कार्ड आणि हीटसिंक समोर हजर. त्याच वर्षीचा थिंकपॅड टी४३०ही दणकट. कुठला स्क्रू कितव्या क्रमाने काढायचा हे सचित्र सांगणारी पुस्तिका या तिन्ही कंपन्या आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवतात. लेनोवो तिला हार्डवेअर मेन्टेनन्स मॅन्युअल म्हणते, एचपी मेन्टेनन्स अँड सर्व्हिस गाइड. मॉडेलचं नाव जोडून शोधा, पीडीएफ मोबाइलवर उतरवा. व्हिडिओ बघायला हरकत नाही, पण पुस्तिका आधी. व्हिडिओ करणाऱ्याचं मॉडेल आणि तुमचं मॉडेल यांत एका अक्षराचा फरक असतो आणि त्या फरकात नेमका एक स्क्रू लपलेला असतो.

खरेदीला सुरतेत मजुरा गेटचा परिसर आहे. मुंबईला जाणं होतंच असेल तर ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड, पुण्याला तापकीर गल्ली. दुकान कुठलंही असो, खिशात लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम भरलेला पेन ड्राइव्ह असू द्या. लेनोवो आणि डेलमध्ये चालू करताना एफ१२, एचपीमध्ये एफ९ दाबलं की कशावरून सुरू करू असं मशीन विचारतं. पेन ड्राइव्ह निवडा. डिस्कला हात न लावता मिंट तिथेच चालू होतं, आणि वाय-फाय, आवाज, कॅमेरा, कीबोर्डची एकूणएक कळ, पडद्यावरच्या रेघा, सगळं दुकानदारासमोर पाच मिनिटांत तपासून होतं. त्याआधी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून पाहा. तिथे पासवर्ड मागितला तर मशीन परत करा, भाव कितीही पडलेला असो. ‘बोर्डावरचा बटण-सेल काढून पुन्हा घातला की पासवर्ड जातो’ असं दुकानदार सांगेल. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड तसा जात नाही; तो बोर्डावरच्या एका वेगळ्या चिपमध्ये असतो. आणि कुलूप लागलेलं मशीन कुठून आलं हाही प्रश्न असतोच. पक्कं बिल घ्या, त्यावर मशीनचा सिरीयल नंबर लिहून घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तशी शंका घ्यायला जागा असताना घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

मशीन घरी आलं. आता बसायचं कसं?

दिवसाउजेडी, खिडकीपाशी, जमिनीवर पांढरी सुती चादर टाकून. पांढरी अशासाठी, की पडलेला स्क्रू दिसतो. सुती अशासाठी, की ज्या शहराचं पोट पॉलिएस्टरवर चालतं तिथे घरात अंगावर, अंथरायला, झाकायला सगळं पॉलिएस्टरच असतं, आणि कोरड्या हवेत त्यावर घासून अंगात साठलेली स्थिर वीज रॅमच्या चिपला पुरून उरते. पावसाळ्यात सुरतेची हवा इतकी ओलसर असते की ही भीती जवळजवळ नसते; डिसेंबर-जानेवारीत असते. सुती कपडे घाला आणि बोर्डाला हात लावण्याआधी लोखंडी कपाटाच्या उघड्या, रंग उडालेल्या भागाला किंवा नळाला हात लावा.

हत्यारं थोडीच लागतात. फुलीचे दोन पेचकस, पीएच० आणि पीएच१. नव्या मशीनसाठी ताऱ्याच्या टोकाचा टी५. चांगल्या पोलादाचे घ्या, कारण स्वस्त पेचकस पहिल्याच घट्ट स्क्रूचं तोंड चाटून टाकतो. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड झाकणाची कड उचकटायला. मऊ ब्रश, चिमटा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, थर्मल पेस्टची छोटी नळी. स्क्रू वाटीत टाकू नका. एका जाड पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी बसवला तर तो वरच्या बाजूने बाहेर येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे मदरबोर्डात घुसतो.

चालू मशीन कधीही उघडू नका हे सांगायला नको. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, नसेल तर झाकण उघडल्याबरोबर तिची पट्टी बोर्डापासून सोडवा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा.

आता तो करडा नमदा. सुरतेत बऱ्याच खात्यांत, म्हणजे कारखान्यांत, कॉम्प्रेसर असतो आणि कोणीतरी हटकून सुचवतं, ‘खात्यात आणा, एका फुंकरीत साफ करतो.’ नका नेऊ. त्या हवेत पाण्याचे थेंब असतात, तेलाचा अंश असतो, आणि दाब एवढा की पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट गरगरतो. त्यात बेअरिंग जातं. हवा मारायचीच असेल तर कॅमेऱ्याच्या रबरी पंपाची मारा, तीही पात्यांमध्ये दात कोरायची काडी अडकवून, म्हणजे पंखा फिरणार नाही. जमलं तर पंखा सोडवून नमदा चिमट्याने ओढूनच काढा. हीटसिंक काढताना त्याच्या स्क्रूशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले दिसतील. बसवताना त्याच क्रमाने, थोडंथोडं आवळत जायचं. काढताना उलट क्रमाने. खाली प्रोसेसरवर जुनी पेस्ट वाळून खपली झालेली असेल. कापडाला अल्कोहोल लावून ती पुसून काढा, काच चमकावी तशी चिप चमकली पाहिजे. नवी पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी, मध्यभागी. जास्त लावली की गारवा वाढतो हा भ्रम आहे, ती नुसती कडेने बाहेर येते.

एवढ्या कामावर निम्मे लॅपटॉप पुन्हा चालू लागतात असं मी म्हणणार नाही, पण चालू लागणाऱ्यांतले बरेचसे एवढ्यावरच लागतात.

कीबोर्ड किंवा टचपॅड सोडवायची वेळ आली, की कागदासारख्या पातळ पट्टीची केबल भेटते. ती बोर्डावरच्या एका चिमुकल्या खोबणीत बसलेली असते आणि खोबणीला नखाएवढी काळी किंवा पांढरी फळी असते. फळी नखाने वर उचलायची, पट्टी आपोआप मोकळी होते. बसवताना पट्टी सरळ आत सरकवायची आणि मग फळी मिटायची. पुरुषमाणसं इथे हमखास जोर लावतात. आमच्याकडे मी आणि भाचा आळीपाळीने घाम गाळत बसलो होतो. पट्टी अर्धी आत जायची आणि फळी मिटताना तिरकी व्हायची. ताई शेजारी साडीला डायमंड चिकटवत बसली होती. दिवसभर चिमट्याने राईएवढे खडे उचलून गोंदाच्या ठिपक्यावर ठेवणारी बाई ती. थोडा वेळ तिने आमचं चाललेलं पाहिलं. ‘सरका रे भो दोघं,’ म्हणाली. चिमटा पुसला, पट्टीचं टोक उजेडाकडे धरून पाहिलं, त्यावरची पांढरी रेघ खोबणीच्या काठाला समांतर आणली आणि बोटाच्या पेराने पट्टी आत लोटली. फळी मिटली. ‘रेघ सरळ दिसली पाहिजे, एवढंच तर आहे,’ असं म्हणत ती पुन्हा साडीकडे वळली. ती पांढरी रेघ त्याचसाठी छापलेली असते, हे त्यानंतर आम्ही पुस्तिकेत वाचलं. लिंबायत-डिंडोलीत घरोघर बायका हे साडीचं जॉबवर्क करतात. लॅपटॉप उघडताना त्यांना ‘तुला काय कळतंय’ म्हणून बाजूला बसवू नका.

दोघांनी बसायचं तर कामाची वाटणी आधी ठरवा, आणि ती उलटी ठरवा. ज्याला येतं त्याने पुस्तिका मोठ्याने वाचायची. ज्याला येत नाही त्याच्या हातात पेचकस. दुसऱ्याच्या हातून पेचकस हिसकायचा नाही, चुकतंय असं दिसलं तर तोंडाने सांगायचं. २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये मार्टीन पोस्टमा या बाईंनी रिपेअर कॅफे सुरू केला, त्यामागची पद्धत हीच: वस्तूचा मालक आणि दुरुस्ती जाणणारा एकाच टेबलाशी बसतात, वस्तू टाकून घरी जायचं नाही. आपल्याकडे मामा-भाच्यांनी एका नावेत बसू नये म्हणतात. एका मदरबोर्डवर वाकून बसायला हरकत नसावी, फक्त दोघांची डोकी आपटतात.

रॅम आणि डिस्क या दोन गोष्टी बदलल्या की जुनं मशीन ओळखू येत नाही. त्यातही पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी डिस्क. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी घातली, की चालू व्हायला चहा होईपर्यंत वेळ घेणारं मशीन पाऊण मिनिटाच्या आत तयार होतं. जाडी सात मिलिमीटरची घ्या, ती बहुतेक सगळीकडे बसते. काढण्याआधी जुन्या डिस्कमधले फोटो, दाखले, गुणपत्रिका दुसरीकडे उतरवून घ्या, आणि डिस्क टकटक आवाज करत असेल तर हे काम सगळ्यात आधी, बाकी सगळं नंतर. बाजारात नावगाव नसलेल्या एसएसडी आणि पेन ड्राइव्ह मिळतात, वर छापलेल्या आकड्याच्या निम्मीही जागा आत नसते. विकत घेतल्यावर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ नावाच्या फुकट प्रोग्रॅमने ती पूर्ण भरून तपासा. बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत.

रॅमच्या बाबतीत एक गोष्ट दुकानदारसुद्धा विसरतात. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्या, दोन्हीला २०४ पिना, खाचही एकाच जागी. पण पहिली दीड व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ वर. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांना कमी व्होल्टचीच लागते. दीड व्होल्टची घातली तर पडदा काळा राहतो आणि आपण उगाच मदरबोर्डाला दोष देतो. त्याआधीच्या मशीनमध्ये एल असलेली सहसा चालते. म्हणून शंका असेल तर एल. एकूण आठ जीबी करा, एकच आठची पट्टी लावण्यापेक्षा चार-चारच्या दोन बऱ्या. रॅम बसवली आणि काहीच दिसलं नाही तर घाबरू नका. काढा, सोनेरी कडा अल्कोहोलने पुसा, पंचेचाळीस अंशात तिरकी आत घालून खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या कड्या टक् करून मिटल्या पाहिजेत.

बारीकसारीक दुखण्यांत दोन फार फसवी. एक, घड्याळ. मशीन दर वेळी २०१२ सालात जागं होतं आणि बँकेची वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही. व्हायरस नसतो तो, बोर्डावरचा सीआर२०३२ जातीचा बटण-सेल संपलेला असतो. बऱ्याच लॅपटॉपांत त्याला दोन तारा आणि छोटा प्लग जोडलेला येतो, तसाच मागून घ्या. दुसरं, डेलचा चार्जर. त्याच्या टोकात मध्यभागी एक बारीक पिन असते, तिच्यातून मशीन चार्जरची ओळख विचारतं. ओळख पटली नाही तर मशीन चालतं, पण बॅटरी चार्ज होत नाही. नवी बॅटरी घेण्याआधी शेजाऱ्याचा अस्सल चार्जर लावून पाहा.

बिजागरी तुटलेली असेल तर ते दाजींचं खातं. स्वस्त लॅपटॉपात बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी बोंडांत असतात. बिजागरी गंजून कडक होते आणि पडदा उघडताना ती बोंडंच उपटून काढते. फेविक्विकने चिकटवलं तर आठवडा टिकत नाही. आधी बिजागरीचा नट किंचित सैल करा, पडदा एका हाताने सहज उघडला पाहिजे. मग बोंडं जागेवर ठेवून दोन भागांचं इपॉक्सी भरा आणि चोवीस तास हात लावू नका.

बॅटरीशी मात्र खेळ नको. विंडोजमध्ये पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट निघतो, मिंटमध्ये पॉवर स्टॅटिस्टिक्स दिसतं. दोन्हीकडे मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी असतात. निम्म्याखाली उतरली असेल तर बदला, किंवा बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर वापरा. टचपॅड वर आलेलं दिसलं, त्याचं बटण दबेनासं झालं, टेबलावर मशीन डगमगायला लागलं, तर आत बॅटरी फुगली आहे. तिला टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका. ‘आतले सेल बदलून देतो’ म्हणणारे ई-रिक्षाच्या बॅटऱ्या जोडणारे कारागीर हुशार असतात, पण लॅपटॉपच्या बॅटरीत सेलांचा हिशेब ठेवणारी चिप असते आणि सेल निघाले की ती बहुतेकदा कायमची कुलूप लावते. जुनी बॅटरी आणि उरलेला सांगाडा भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका. तो पैसे देईल, पण तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात त्या आपल्याच वस्तीच्या कडेला. बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ पासून आहेत, ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि दोन्हींत माल परत घेऊन मार्गी लावायची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर परत घेण्याची सोय शोधा, नाहीतर गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडे द्या.

पाण्यात गेलेलं मशीन हा सुरतेचा खास विषय. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला होता. तेवढा पूर रोज येत नाही, पण लिंबायत, परवत पाटियाकडे खाडीपूर पावसाळ्यात ओळखीचा आहे. भिजलेला लॅपटॉप ‘चालतोय का बघू’ म्हणून चालू करणं हीच त्याची खरी हत्या. बॅटरी काढा, तो बटण-सेलसुद्धा काढा, कारण तेवढ्याशा विजेनेही ओल्या बोर्डावर गंज चढत राहतो. तांदळात पुरून ठेवायचा उपाय तांदूळ खराब करतो, दुसरं काही नाही. खाडीचं पाणी स्वच्छ नसतं, त्यातला मळ आणि क्षार सुकल्यावर बोर्डावर तसेच राहतात. मशीन पूर्ण उघडा, बोर्ड अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवा, पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळू द्या. पडद्यात पाणी शिरलं असेल तर त्याची आशा सोडा. डिस्क मात्र एसएसडी असेल तर बऱ्याचदा वाचते.

आता भाच्याचं खातं: आत काय चालवायचं? विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला निरोप दिला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे वर सांगितलेली २०१२ सालची दोन्ही मशीनं बाद. आडवाटेने बसवता येतं, पण उद्याच्या अपडेटची हमी कोण घेणार? अभ्यास, अर्ज, डिजिलॉकर, जीएसटीचं पोर्टल, व्हिडिओ, पत्रलेखन यासाठी मी लिनक्स मिंट बसवतो. फुकट आहे, चार जीबी रॅमवर बरं चालतं, आणि मशीन अगदीच अशक्त असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती मिळते. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो, वेगळा फॉन्ट विकत घ्यावा लागत नाही. घरात कोणी शाळेत मराठी टायपिंग शिकत असेल तर पहिल्याच दिवशी तो जोडून द्या.

पण ज्याच्या पोटापाण्याचं काम विल्कॉमवर एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करायचं आहे, किंवा टॅलीवर खाती लिहायची आहेत, त्याला लिनक्सचा आग्रह धरू नका. ती सॉफ्टवेअरं विंडोजची आहेत आणि ओढूनताणून चालवलेलं सॉफ्टवेअर ऐन सीझनच्या ऑर्डरीत दगा देतं. त्याने थोडे जास्त पैसे घालून आठव्या पिढीचं सेकंडहँड मशीनच घ्यावं. खर्चाचं माझं गणित साधं आहे: त्याच मॉडेलचं चालू मशीन बाजारात जेवढ्याला मिळतं, त्याच्या निम्म्याहून जास्त खर्च दुरुस्तीला येत असेल तर थांबायचं आणि त्याचे भाग दुसऱ्या मशीनसाठी ठेवायचे.

दुसऱ्याचं जुनं मशीन घेतलं असेल तर आधीच्या मालकाच्या फाइली उघडून बघण्याचा मोह मुलांना होतो. घरात हा नियम सुरुवातीलाच सांगून टाका: बघायचं नाही, पुसायचं. मिंटच्या डिस्क्स या प्रोग्रॅममध्ये हार्ड डिस्कवर शून्यं लिहून पुसायची सोय आहे. एसएसडीसाठी सिक्युअर इरेज. तसंच आपलं मशीन कोणाला देतानाही. पुसून झालं, मिंट बसवलं, की रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवा आणि सकाळी पाहा. एकही चूक दाखवली तर रॅमची एक-एक पट्टी काढून पुन्हा तपासा.

एक लॅपटॉप चालू झाला की गल्लीत बातमी पसरते आणि आठवडाभरात दारात तीन पिशव्या येतात. सगळ्या घेऊ नका. साफसफाई, रॅम, डिस्क, सेल, कीबोर्ड, मिंट, एवढं घरी होतं. चार्जर लावूनही एकही दिवा न लागणारं, बोर्डावर काळा डाग पडलेलं किंवा चालू होताच पडद्यावर रंगीत चौकडी दिसणारं मशीन चिप-लेव्हलचं काम असतं. त्याला गरम हवेचं यंत्र, मायक्रोस्कोप आणि रोजचा सराव लागतो. ते मजुरा गेटकडच्या दुकानात पाठवा. पाठवताना मशीनच्या मालकाला सांगा, की तपासणीचे पैसे किती आणि दुरुस्त झालं नाही तर किती, हे आधी कागदावर लिहून घ्यायचं. बदललेला जुना भाग परत मागायचा. मशीनचा सिरीयल नंबर पावतीवर आहे का बघायचं. आणि डिस्क काढून आपल्याजवळ ठेवायची. बोर्ड दुरुस्त करायला ती लागत नाही, आणि दुकानदाराने लागते म्हटलं तर पेन ड्राइव्हवर मिंट द्यायचं.